ऑफसीझनमध्ये आउटफिल्डर पारखायचा कसा? क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी

मार्च २०२२ मध्ये सिएटल मॅरिनर्स या आमच्या बेसबॉल संघाने सिनसिनाटीकडून जेसी विंकरला आणलं आणि मी ऑफिसात पैज लावली की हा पंचवीस होम रन सहज मारणार. आदल्या वर्षी त्याने ०.३०५ च्या सरासरीने २४ मारले होते, तेही १६२ पैकी फक्त ११० सामन्यांत. साधी त्रैराशिकाची गोष्ट होती. विंकरने सिएटलमध्ये १४ मारले, सरासरी ०.२१९. मी आठ जणांना घरी बोलावून मिसळ खाऊ घातली आणि त्या रात्री ठरवलं की पुढच्या हिवाळ्यात तोंड उघडण्याआधी थोडा अभ्यास करायचा.

अमेरिकेत नवीन आलेल्या आणि बेसबॉलचा नाद लागलेल्या आपल्या लोकांची गाडी उन्हाळ्यात ठीक चालते. नियम समजतात, स्टेडियममध्ये शेंगदाणे खाता येतात. खरी पंचाईत नोव्हेंबरात होते. खेळ बंद, पण जेवणाच्या टेबलावर रोज चर्चा: आपल्या संघाने कोणाला घ्यावं, कोणाला सोडावं. त्यात आउटफिल्डचे, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात (लेफ्ट, सेंटर, राइट) उभे राहणारे हिटर हा सगळ्यांचा लाडका विषय, कारण होम रन मारणारे बरेच जण तिथेच उभे असतात. मी चार हिवाळे चुका करून जो क्रम बसवला आहे तो खाली देतो.

काय काय लागेल

पैसे लागत नाहीत. तीन संकेतस्थळं पुरतात. बेसबॉल रेफरन्सवर खेळाडूची वर्षवार कुंडली मिळते. फॅनग्राफ्सवर मैदानाचा हिशेब धरून काढलेले आकडे असतात. बेसबॉल सॅव्हंटवर चेंडू किती जोरात मारला, खेळाडू किती वेगाने पळतो हे मोजलेलं असतं. २०१५ पासून सगळ्या मैदानांवर कॅमेरे आणि रडार लावून हे मोजतात. चौथी वस्तू म्हणजे एक साधी स्प्रेडशीट. प्रत्येक खेळाडूला एक ओळ आणि शेवटचा रकाना ‘माझं मत, तारखेसह’. तारीख विसरू नका, नाहीतर पुढच्या वर्षी ‘मी तर आधीच म्हटलं होतं’ असं सगळेच म्हणतात.

१. खेळाडूच्या आधी बाजार समजून घ्या

आयपीएलसारखा एक-दोन दिवसांचा लिलाव इथे नसतो. खेळाडू मिळण्याच्या वाटा मुख्यतः तीन. मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं भरली आणि करार संपला की तो फ्री एजंट होतो. वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, संपल्यावर पाच दिवसांनी कोणत्याही संघाशी सही करू शकतो. दुसरी वाट ट्रेडची, म्हणजे आपले खेळाडू देऊन त्यांचा घ्यायचा. तिसरीकडे नवखे लोक बघतच नाहीत: नोव्हेंबरात एक तारीख असते, त्या दिवशी ज्यांचा पगार परवडणार नाही असं वाटतं अशांना संघ पुढच्या वर्षाचा करारच देऊ करत नाहीत. याला नॉन-टेंडर म्हणतात. काइल श्वार्बरला शिकागो कब्जने २०२० मध्ये आणि कोडी बेलिंजरला लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२२ मध्ये असंच सोडलं होतं. या दोघांची नावं पुढे परत येतील.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्या संघांचे अधिकारी एका हॉटेलात जमतात, त्या काळात अफवांना ऊत येतो. ‘अमुक संघ तमुक खेळाडूवर नजर ठेवून आहे’ ही बातमी बहुतेकदा एजंटाच्या सोयीची असते. वाचा, मजा घ्या, शीटमध्ये लिहू नका.

२. बॅटिंग अ‍ॅव्हरेज बाजूला ठेवा

आपल्याला सरासरी या शब्दाचं फार कौतुक. पण बेसबॉलमधली सरासरी क्रिकेटसारखी नाही. दहा वेळा अधिकृतपणे खेळायला येऊन तीनदा हिट मारला की ०.३००, एवढंच. तो हिट एका बेसचा होता की होम रन, याचा त्यात पत्ता नाही. आणि वॉक, म्हणजे चार वाईट चेंडू सोडून देऊन फुकटात पहिल्या बेसवर जाणं, हे तर त्यात मोजतच नाहीत.

२०२३ चा श्वार्बर बघा. सरासरी ०.१९७. क्रिकेटच्या नजरेने हा माणूस घरी बसवायचा. पण त्याने ४७ होम रन मारले आणि १२६ वॉक घेतले, म्हणून त्याची ऑन-बेस टक्केवारी, म्हणजे बाद न होता बेसवर पोचण्याचं प्रमाण, ०.३४३ होती. आदल्या-पुढच्या वर्षांचा अंदाज घ्यायचा तर २०२४ मध्ये साऱ्या लीगची मिळून सरासरी ०.२४३, ऑन-बेस ०.३१२ आणि स्लगिंग (फटका किती बेसचा हे धरून काढलेली सरासरी) ०.३९९ होती. म्हणजे श्वार्बर आउट न होण्यात लीगच्या बराच पुढे आणि मारला की लांब मारणार. कब्जने सोडल्यावर वॉशिंग्टनने त्याला एका वर्षासाठी १ कोटी डॉलरला घेतलं, मग फिलाडेल्फियाने चार वर्षांसाठी ७ कोटी ९० लाख दिले. फिलाडेल्फियाला तो सौदा स्वस्तात पडला असं माझं मत.

एकच आकडा बघायचा असेल तर फॅनग्राफ्सवरचा डब्ल्यूआरसी प्लस बघा. १०० म्हणजे लीगच्या मधोमध, १२० म्हणजे त्याहून वीस टक्के सरस. मैदानाचा हिशेब त्यात धरलेला असतो. लेफ्ट किंवा राइट फील्डवाला शंभराच्या खाली असेल, तर तो नेमका कशासाठी हवाय हे आधी स्वतःला विचारा.

आरबीआय हा आकडा मात्र पूर्ण विसरा. आपल्या फटक्यावर किती जण घरी पोचले हे त्यात मोजतात, आणि आधीचे बेसवर असतील तरच ते पोचणार. नॉन-स्ट्रायकरला किती पळता येतं यावरून विराटला गुण देण्यासारखं आहे.

३. चेंडू सोडता येतो का?

स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) आणि वॉक हे दोन आकडे फार लवकर खरं बोलायला लागतात. होम रन, सरासरी यांना बरेच महिने लागतात. पण साठ-सत्तर वेळा खेळायला आला की माणूस किती वेळा हुकतो याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. २०२४ मध्ये लीगचं प्रमाण स्ट्राइकआउटला सुमारे २२.५ टक्के आणि वॉकला ८ च्या आसपास होतं.

ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावणारा फलंदाज आपण लगेच ओळखतो. सॅव्हंटवर याचाच आकडा आहे, ‘चेस’ नावाचा: स्ट्राइक झोनबाहेरच्या किती चेंडूंवर त्याने बॅट फिरवली. हुआन सोटोचं पान उघडा आणि ‘सोडणं’ हे किती मोठं कसब आहे ते पाहा. २०२४ मध्ये यांकीजसाठी त्याने ४१ होम रन मारले, पण १२९ वॉक आणि ११९ स्ट्राइकआउट ही जोडी मला जास्त महत्त्वाची वाटते. एवढ्या जोरात मारणाऱ्यांमध्ये वॉक हे स्ट्राइकआउटपेक्षा जास्त असणारे आजकाल मोजकेच.

सापळा: जास्त स्ट्राइकआउट म्हणजे वाईट हिटर असं नव्हे. श्वार्बरचे २०२३ मध्ये २१५ होते. हुकण्याची किंमत तो वॉक आणि लांब फटक्यांनी वसूल करतो का, एवढंच बघायचं.

४. फटका किती जोरात, आणि नशीब किती

ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर किंवा त्याहून वेगाने बॅटवरून सुटलेला चेंडू ‘हार्ड-हिट’ धरतात. लीगमध्ये साधारण चाळीस टक्के फटके असे असतात. त्यातही योग्य कोनात उडालेला फटका म्हणजे ‘बॅरल’. होम रन बहुतेक तिथूनच येतात. फटका मारल्यावर क्षेत्ररक्षकाने उडी मारून झेल घेतला तर तो हिटरचा दोष नाही, म्हणून निकालापेक्षा फटका बघायचा. एक्सडब्ल्यूओबीए नावाचा आकडा हेच करतो: चेंडू ज्या वेगाने आणि कोनात गेला त्यावरून ‘निकाल काय लागायला हवा होता’ ते सांगतो. खरा निकाल त्याहून फार वर असेल तर सावध राहा, फार खाली असेल तर कान टवकारा.

पण इथेही आंधळेपणा नको. बेलिंजरने २०२३ मध्ये कब्जसाठी ०.३०७ ची सरासरी आणि २६ होम रन काढले, तरी त्याचे जोरकस फटके लीगच्या सरासरीपेक्षा स्पष्टपणे कमी होते. बाजाराने नाक मुरडलं. एवढ्या हंगामानंतरही त्याला फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबून तीन वर्षांचा ८ कोटींचा करार घ्यावा लागला. पुढच्या वर्षी सरासरी ०.२६६, होम रन १८. शंका बरोबर ठरली म्हणायची. मग डिसेंबर २०२४ मध्ये तो यांकीजकडे गेला आणि २०२५ मध्ये २९ होम रन! का, ते पुढच्या पायरीत.

५. मैदान

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण माझी मिसळ इथेच गेली.

क्रिकेटमध्ये सीमारेषा थोडी मागेपुढे होते. बेसबॉलमध्ये प्रत्येक शहराने आपल्या गल्लीच्या आकाराप्रमाणे मैदान बांधलंय असं वाटतं. बॉस्टनला डावीकडे ३७ फूट उंच भिंत, पण ती जवळ. न्यूयॉर्कला यांकी स्टेडियमचा उजवा कोपरा फक्त ३१४ फुटांवर. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, हवा विरळ, चेंडू उडतच राहतो आणि पिचरचे वळणारे चेंडू नीट वळत नाहीत. सिनसिनाटीचं मैदान होम रनसाठी प्रसिद्ध. आणि आमचं सिएटल? समुद्रालगतची थंड, जड हवा. गेली काही वर्षं हिटरांसाठी लीगमधल्या सगळ्यात अवघड मैदानांत ते मोजलं जातं, आणि तिथे स्ट्राइकआउटही जास्त होतात.

म्हणजे विंकर सोप्या घरातून अवघड घरात आला होता आणि मी त्रैराशिक मांडत बसलो होतो. गंमत म्हणजे त्याच ट्रेडमध्ये युजेनियो सुआरेझ हा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू ‘त्याचा पगारही तुम्हीच भरा’ म्हणून आमच्या गळ्यात मारल्याची चर्चा होती. त्याने ३१ होम रन मारले.

आता शहाणपण आलं असं मला वाटलं. पुढच्या हिवाळ्यात मॅरिनर्सनी टोरंटोकडून टेऑस्कर हर्नांडेझ आणला. २०२३ मध्ये त्याने २६ होम रन मारले, पण २११ स्ट्राइकआउट आणि ऑन-बेस ०.३०५. सिएटल वैतागलं. फ्री एजंट होताना संघाने त्याला क्वालिफाइंग ऑफरही, म्हणजे ठरलेल्या रकमेचा एका वर्षाचा करारही, देऊ केला नाही. त्या वर्षी ती रक्कम २ कोटी ३ लाख २५ हजार डॉलर होती. मीही म्हणालो, गेला ते बरं झालं. कोणी घर आणि बाहेर असे आकडे वेगळे काढून बघितले असते तर दिसलं असतं: सिएटलमध्ये सरासरी ०.२१७, बाकी देशभर ०.२९५. डॉजर्सनी बघितले असावेत. त्यांनी एका वर्षासाठी २ कोटी ३५ लाख दिले. २०२४ मध्ये त्याने तिथे ३३ होम रन मारले, होम रन डर्बी (सर्वाधिक होम रन मारण्याची स्पर्धा) जिंकली आणि ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजही.

तर पायरी अशी: बेसबॉल रेफरन्सवर खेळाडूच्या पानावर ‘स्प्लिट्स’ उघडा, ‘होम’ आणि ‘अवे’ बघा, मग सॅव्हंटवर त्याचं जुनं आणि नवं मैदान ताडून बघा. डावखुरा असेल आणि उजवीकडे उंच खेचून मारत असेल तर यांकी स्टेडियममध्ये त्याच्या साध्या फटक्यालाही पंख फुटतात. बेलिंजर डावखुरा आहे.

सापळा, आणि हा मोठा: एका वर्षाच्या घर-बाहेर फरकावर अख्खा महाल बांधू नका. मायकल कॉन्फर्टोने २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोसाठी २० होम रन मारले, त्यातले १७ बाहेरच्या मैदानांवर. सॅन फ्रान्सिस्कोही हिटरांचं शत्रू मैदान. सगळ्यांनी टेऑस्करची गोष्ट आठवली. डॉजर्सनी १ कोटी ७० लाख दिले. माझ्या शीटमध्येही ‘नक्की घ्या’ असं तारखेसह लिहिलेलं आहे. २०२५ मध्ये त्याची सरासरी ०.१९९ आली. तोच संघ, तीच युक्ती, एकदा तेहतीस होम रन आणि एकदा हात चोळणं. निदान तीन वर्षांचे आकडे एकत्र बघा, आणि तरीही शेवटच्या रकान्यात ‘नक्की’ हा शब्द टाळा.

६. डावा पिचर, उजवा पिचर

उजवा हिटर डाव्या पिचरला आणि डावा हिटर उजव्याला सहसा जास्त चांगला खेळतो. लीगमध्ये उजवे पिचर बरेच जास्त, दहापैकी सातहून अधिक वेळा समोर उजवाच असतो. म्हणून फक्त डाव्यांना झोडणारा उजवा हिटर अर्धवेळ नोकरदार ठरतो. वाईट नव्हे, पण पगार पूर्णवेळचा देऊ नका. विंकरच्या बाबतीत हेही माझ्या डोळ्यांसमोर होतं. तो डावखुरा आणि डाव्या पिचरपुढे कायम चाचपडणारा. बघितलंच नाही.

७. हातमोजा आणि पाय

सेंटर फील्ड म्हणजे मोठं शेत. लेफ्ट-राइट त्या मानाने बांधावरची जागा. फॅनग्राफ्सच्या हिशेबात पूर्ण हंगाम सेंटरला खेळणाऱ्याला कोपऱ्यातल्यापेक्षा दहा धावा जास्त मिळतात, आणि दहा धावा म्हणजे साधारण एक विजय. म्हणून सेंटरवाल्याची बॅट जरा कमी चालली तरी खपून जाते.

सॅव्हंटवर ‘आउट्स अबव्ह अ‍ॅव्हरेज’ आणि धावण्याचा वेग बघा. सेकंदाला २७ फूट हा लीगचा मध्य, ३० म्हणजे हरीण. वेग दरवर्षी उतरत असेल तर आज सेंटरला असलेला माणूस करार संपेपर्यंत कोपऱ्यात, आणि पुढे नुसता बॅटिंगपुरता उरेल. श्वार्बरही लेफ्ट फील्डमधून नुसता बॅटिंगपुरताच उरला. त्याची बॅट एवढी मोठी आहे म्हणून चाललं.

८. वय आणि शरीर

हिटरचा बहर साधारण २६ ते २९. फ्री एजंट व्हायला सहा वर्षं लागतात, त्यामुळे बाजारात येणारे बहुतेक जण तिशीला टेकलेले असतात. सोटोला डिसेंबर २०२४ मध्ये मेट्सनी पंधरा वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले ते याचमुळे: तो तेव्हा अवघा २६ चा होता.

क्रिस ब्रायंट तीस वर्षांचा असताना कोलोरॅडोने त्याच्याशी मार्च २०२२ मध्ये सात वर्षांचा १८ कोटी २० लाखांचा करार केला. पहिल्या वर्षी तो १६२ पैकी ४२ सामने खेळला, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ३७. पाठ, पाय, काही ना काही. अँथनी सँटँडरने २०२४ मध्ये ४४ होम रन मारले, टोरंटोने पाच वर्षांचे ९ कोटी २५ लाख दिले, आणि पहिल्याच वर्षी खांद्याने दगा दिला: ५४ सामने, ६ होम रन.

इथे एक गोष्ट आवर्जून करा. कुठलाही हंगाम अचानक कोसळलेला दिसला तर त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत दुखापत शोधा. बेलिंजर २०१९ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. ऑक्टोबर २०२० मध्ये होम रन साजरा करताना सहकाऱ्याच्या हातावर हात आपटला आणि खांदा निखळला. शस्त्रक्रिया झाली, २०२१ ची सरासरी ०.१६५. शरीर बिघडून पडलेला हंगाम आणि कसब संपून पडलेला हंगाम यांतला फरक ज्यांना कळतो, त्यांनाच नॉन-टेंडरच्या ढिगाऱ्यात सोनं सापडतं. कब्जने त्याला १ कोटी ७५ लाखांत एक वर्षासाठी उचललं होतं.

९. आता किंमत

डब्ल्यूएआर हा आकडा बॅट, पाय, हातमोजा सगळं मिळून ‘याच्यामुळे किती विजय वाढले’ ते सांगतो. दोन म्हणजे नेहमीचा बरा खेळाडू, पाच म्हणजे तारा. बाजारात एका विजयाला सर्वसाधारणपणे ८० ते ९० लाख डॉलर धरतात. गुणाकार करा, वर्षागणिक थोडं वय वजा करा आणि मागितलेल्या रकमेशी ताडून बघा.

रकमेशिवाय तीन लपलेले खर्च असतात. क्वालिफाइंग ऑफर नाकारून आलेल्या खेळाडूला घेतलं तर संघाला ड्राफ्टमधली (नवे तरुण खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतली) निवड गमवावी लागते. एकूण पगार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर कर बसतो. २०२६ साठी ती मर्यादा २४.४ कोटी आहे. आणि ट्रेड असेल तर जे तरुण खेळाडू जातात ती खरी किंमत. त्यांची नावं बातमीच्या शेवटच्या ओळीत असतात, म्हणून आपण ती विसरतो. जपानहून येणाऱ्याच्या बाबतीत त्याच्या जुन्या संघाला वेगळी रक्कम द्यावी लागते: मासाताका योशिदासाठी बॉस्टनने खेळाडूला ९ कोटी आणि ओरिक्स संघाला वर दीड कोटीच्या आसपास मोजले.

१०. मार्चमध्ये काय करायचं

काहीही नाही. फेब्रुवारीत शिबिरं सुरू होतात, मार्चमध्ये अ‍ॅरिझोना आणि फ्लोरिडात सराव सामने. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू उडतो, समोर निम्मे पिचर नवीन चेंडू ‘करून बघत’ असतात. तिथे सात होम रन मारलेल्या माणसावर ऑफिसात कोणी पैज लावायला आलं तर जरूर लावा, त्याच्या विरुद्ध. शीट बंद ठेवा, ऑक्टोबरात उघडा. माझ्या गेल्या चार वर्षांच्या शीटमध्ये एकवीस नावं आहेत, त्यांतली अकरा बरोबर. कॉन्फर्टोच्या ओळीला मी पिवळा रंग दिला आहे.